बरकतीचं उष्टं

झुल्फाची आई सरकारी दवाखान्यात सुईण होती. दिवसातून वीस वेळा कोपरापर्यंत साबण लावून हात धुणारी बाई. तिच्या घरात उकळल्याशिवाय पाणी कुणाच्या घशाखाली उतरत नसे, आणि पाहुण्याने तोंड लावलेला पेला दोनदा घासला जाई. अशा घरात वाढलेली पोर तेराव्या वर्षी सुंबरवारूच्या पेसांत्रेनमध्ये, म्हणजे मुसलमानी धर्मशिक्षणाच्या शाळेत, राहायला आणि शिकायला आणून सोडली. बापाची हौस. तो स्वतः तिथेच शिकला होता, थोरल्या क्याईंच्या हाताखाली. क्याई म्हणजे तिथले मुख्य गुरुजी. "पोर फार भिडस्त आहे. चार मुलींत राहिली की तोंड उघडेल," असं त्याचं म्हणणं. तोंड उघडलं खरं, पहिल्याच दिवशी उघडलं, पण ओकण्यासाठी.

संडास तळ्यावर होते. बांबूची मचाणं, कमरेएवढे आडोसे आणि खाली हिरवंगार पाणी. मचाणावर कुणी चढलं की खाली खळबळ उडायची, कारण तळ्यात मांगूर पाळलेले होते आणि त्यांना माणसाची पावलं ओळखू यायची. शुक्रवारी तेच मांगूर तळून जेवणात. "आपल्याच तळ्यातले, अगदी ताजे," म्हणत मुली बोटं चाटायच्या. झुल्फाने वरून एकदा त्या माशांची वासलेली तोंडं पाहिली आणि जन्माचे मासे सोडले.

अंघोळीला एकच लांबलचक हौद. एका वेळी साठ मुली लुंग्या छातीशी बांधून त्याच्या कडेला दाटीवाटीने उभ्या राहत, आणि एकीच्या अंगावरचा फेस उडून दुसरीच्या तांब्यात पडे. चूळही त्याच पाण्याने. हौदाच्या कडेला हात टेकला तर शेवाळ नखांत जायचं. चपला कुणाच्याच मालकीच्या नव्हत्या. जी पायाखाली येईल ती घालून जायचं, ही तिथली रीत, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. झुल्फाच्या नव्या चपला पहिल्या संध्याकाळी गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या तेव्हा त्यांच्यावर कुणा दुसरीच्या टाचेचा काळा, बुळबुळीत ठसा उमटला होता. पुढे बायका झाल्यावर या मुली त्या दिवसांच्या आठवणी डोळ्यांत पाणी आणून सांगतात. खुशाल सांगोत. ज्याने तो हौद पाहिला त्याला वेगळ्या कारणाने डोळ्यांत पाणी येतं.

पण या सगळ्यावर कडी केली ती जेवणाने. अॅल्युमिनियमची एक परात, मधे भाताचा ढीग, कडेला टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तळलेले तुकडे, पालेभाजीचं कोमट पाणी, मिरचीचं लाल सांबाल, आणि भोवती पाच जणी. पाच उजवे हात एकाच भातात. झुल्फाच्या उजव्या बाजूला बसली होती मस्रूहा, माडुराच्या बेटावरची, पंधरा वर्षांची, रुंद हाडाची. तिने नव्या मुलीकडे पाहिलं, परातीतला टेंपेचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि झुल्फाच्या समोर ठेवला.

"खा गं. लाजलीस तर उपाशी मरशील. इथे लाजणाऱ्यांचा वाटा मांजर खातं."

झुल्फाने तुकड्याकडे पाहिलं नाही. तिने तो हात पाहिला. बोटांच्या बेचक्यात पिकलेले फोड होते, त्यांच्यावर पिवळं मलम थापलेलं, आणि मलमाला भाताची दोन शितं चिकटलेली. ती उठली, धावली, आणि मागच्या केळीच्या बुंध्यापर्यंत पोचते न पोचते तोच सकाळचं सगळं बाहेर पडलं. आवाज आत सगळ्यांना ऐकू गेला.

खोलीची प्रमुख होती म्बाक सुफैरा. सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची म्बाक. ती हसून म्हणाली, "राजकन्या आली वाटतं! अगं, खरूज म्हणजे इथला शिक्का आहे. खरूज झाल्याशिवाय विद्या अंगात शिरत नाही, विचार कुणालाही." आणि हे ती थट्टेने बोलत नव्हती. नव्या मुली तिच्या मनगटाला मनगट घासून जायच्या, लवकर खाज सुटावी म्हणून. विद्या शिरत होती की नाही ते देव जाणे. किडे शिरत होते, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी परात आली तशी मस्रूहाने तर्जनीने भातात एक खोल रेघ मारली.

"ही हद्द," ती म्हणाली. "अलीकडे मी आणि माझी खरूज. पलीकडे तू. आता तरी जेव बाई."

त्यानंतर रोज, जेवायला बसलं की आधी रेघ. बाकीच्या तिघींना हसू यायचं. झुल्फाला लाज वाटायची, स्वतःचीच किळस यायची, पण रेघ नको असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. ती आपल्या बाजूच्या कडेची चार शितं खायची आणि उरलेली भूक पत्र्याच्या डब्यातल्या बिस्किटांवर, कपाटाच्या दाराआड तोंड घालून भागवायची. शब्द तर त्याहून कमी. बू न्याई, म्हणजे क्याईंच्या पत्नी, मुलींना शिकवायच्या. वाचायची पाळी आली की झुल्फाचे ओठ हलायचे, आवाज मात्र कुठल्या कुठे. तिला 'मुकी' हे नाव पडायला आठवडाही लागला नाही.

या मुकीवर मस्रूहाची नजर पडली ती गरजेपोटी. अरबी व्याकरणाची अडीचशे पद्यं पाठ म्हणून दाखवायची परीक्षा असे, वर्षातून एकदा, सगळ्या मुलींसमोर. मस्रूहा दोनदा नापास झाली होती. मिठागरावर काम करणाऱ्या तिच्या बापाने या खेपेला निरोप धाडला होता: तिसऱ्यांदा पडलीस तर बोऱ्याबिस्तरा उचल, घरी ये, नवरा ठरवलाय.

"तिशीचा आहे," मस्रूहा सरपणाच्या ढिगावर बसून सांगत होती. "शर्यतीचे बैल पाळतो. शर्यतीआधी बैलांना रोज पन्नास पन्नास अंडी फोडून पाजतो म्हणे. लग्न झाल्यावर मला एखादं मिळतं का बघायचं."

झुल्फा हसली नाही. मस्रूहाही हसत नव्हती.

"हे बघ," ती म्हणाली, "म्हणून दाखवायला मला कुणीतरी समोर हवं. सगळ्यांना आपापलं पाठांतर आहे. तू तशीही बोलत नाहीस. मग ऐक तरी."

दोन महिने रोज दुपारी झुल्फा पुस्तक मांडीवर घेऊन त्या सरपणाच्या ढिगाजवळ बसली आणि मस्रूहा म्हणत गेली. चुकलं की झुल्फा आधी लाकडावर बोट वाजवायची. मग हळूहळू कुजबुजायला लागली. मग एकदा चक्क म्हणाली, "परत तिथेच पडलीस. म्हैस रोज एकाच खड्ड्यात बसते तशी." मस्रूहाने डोळे विस्फारले आणि इतकी मोठ्याने हसली की स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं. तो खड्डा म्हणजे एकशे बेचाळिसावं पद्य. तिथे पोचलं की मस्रूहाची जीभ घसरून थेट पुढच्या तशाच एका पद्यावर जायची आणि मधली तीस पद्यं गायब. कुठे धाप लागते, कुठे डोळे मिटते, कुठे पडते, हे झुल्फाला मस्रूहापेक्षा जास्त ठाऊक झालं. तिला त्या बेटावरचं मीठ कसं खरवडतात तेही कळलं, आणि मस्रूहाला कळलं की सुईणीच्या घरी बाळंतपण आलं की झुल्फा उशी कानांवर घेऊन पाढे म्हणायची.

भेटीच्या दिवशी आई येऊन खरजेच्या औषधाची नळी देऊन गेली, लेकीसाठी. झुल्फाने ती मस्रूहाला दिली. दिली, पण दोन बोटांच्या चिमटीत, टोकाला धरून.

"मेलेला उंदीर देतेयस का गं?" मस्रूहा म्हणाली. थट्टाच होती. पण तिने हात ओढणीखाली घेतला, आणि ते झुल्फाने पाहिलं.

परीक्षेचा एक नियम होता. म्हणणारीच्या समोर तिची सोबतीण बसायची, आणि अडलं तर सोबतिणीला एकदाच, एकच शब्द सांगायची मुभा होती. मात्र तो शब्द मोठ्याने सांगायचा, बू न्याईंना आणि शेवटच्या चटईवरच्या मुलीलाही ऐकू गेला पाहिजे. कुजबुज झाली तर ती लबाडी, आणि म्हणणारी नापास. मस्रूहाने सोबतीण म्हणून झुल्फाचं नाव दिलं तेव्हा सुफैराने कपाळावर हात मारला.

"मुकी? मस्रू, तुला बैलवाल्याची फार घाई झालेली दिसते."

"तिला माझे खड्डे माहीत आहेत, म्बाक," मस्रूहा म्हणाली.

शंभर मुलींसमोर एक शब्द. झुल्फाला तो शब्दही माहीत होता, कोणता लागणार ते. एकशे बेचाळिसाव्याचा पहिला. स्वप्नात ती तो म्हणायची आणि तोंडातून नुसतं शेवाळ बाहेर यायचं.

परीक्षा आली त्या आठवड्यात क्याईंच्या घरची भांडी घासायची पाळी नेमकी झुल्फाची होती. आता क्याईंच्या उष्ट्याची गोष्ट सांगायला हवी, आणि सांगताना सुद्धा तोंड कडू होतं. क्याईंनी अर्धवट टाकलेला चहा म्हणजे बरकत. त्यांच्या ओठांना लागलेलं जे उरेल ते पोटात गेलं तर विद्या टिकते, अडलेलं काम सुटतं, अशी तिथल्या लहानथोरांची पक्की श्रद्धा. रोज सकाळी मागच्या दारापाशी दहाबारा जणी टपून असायच्या. घासायला निघालेलं तबक दिसलं की झडप. थंडगार चहाचा तळ, गाळलेली पत्ती, कधी त्यात बुडालेली मुंगी, आणि त्यावर एकमेकींना कोपरं मारणाऱ्या मुली. क्याई स्वतः या प्रकाराने ओशाळत. त्यांनी हल्ली पेला तळापर्यंत रिकामा करायला सुरुवात केली होती, तर मुली पेला उलटा धरून थेंब चाटायच्या.

परीक्षेच्या दिवशी क्याई घरी नव्हतेच. शेजारच्या गावात कुणी वारलं होतं, ते पहाटेच निघून गेले होते, चहा न घेता, आणि मुलींना त्याचा पत्ता नव्हता. झुल्फाच्या तबकात दोन बशा होत्या, आणि पत्र्याच्या झाकणाचा एक काचेचा पेला. तो क्याईंच्या पेल्यासारखाच, त्याच संचातला. पण तो म्बाह न्याईंचा होता. म्बाह न्याई क्याईंच्या आई, ऐंशीच्या घरातल्या. झोपताना कवळी त्या पेल्यात मीठ घातलेल्या पाण्यात टाकून ठेवायच्या. दिवसभर पान चघळणारी म्हातारी. सकाळी तिने कवळी काढून तोंडात बसवली होती आणि पाणी तसंच राहिलं होतं, फिक्क्या चहाच्या रंगाचं. ते नेऊन ओतायचं, एवढंच झुल्फाचं काम.

मागचं दार उघडताच मस्रूहा सगळ्यांना ढकलून पुढे आली. "मागे सरा! आज माझा दिवस आहे, आज कुणी मधे येऊ नका!" आणि झाकणाचा पेला तिच्या हातात गेलाही.

"ते..." झुल्फा म्हणाली. म्हणाली कसली, ओठ हलले. 'ते नको, ते क्याईंचं नाही' एवढे शब्द छातीपर्यंत आले आणि नेहमीसारखे तिथेच बसले. दातखीळ बसल्यागत ती उभी राहिली. तेवढ्यात सुफैराने झाकण हिसकावून त्याला आतून लागलेलं पाणी जिभेने टिपून घेतलं, डोळे मिटून. आणि मस्रूहाने डोकं मागे टाकलं. घटघट घटघट. झुल्फाला तो आवाज पुढे कित्येक वर्षं ऐकू येत राहिला.

"खारट आहे," तोंड पुसत मस्रूहा म्हणाली. "क्याईंचा घसा बसला असणार. चालतंय, मी मिठागरातलीच आहे." आणि तिने पेला झुल्फापुढे धरला. "घे. अर्धं तुला ठेवलंय."

"अगं मुकीला कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं. "आम्हाला दे!"

"तिचाच आवाज लागणार आहे आज मला. पी गं झुल्फा. फुटेल आवाज."

झुल्फाने पेल्यात पाहिलं. तळाशी काहीतरी लाल धाग्यासारखं होतं, पानाची शीर असावी. वर एक तवंग. तिने तबक छातीशी दाबून धरलं. आता सांगावं? सांगितलं तर मस्रूहा इथेच ओकणार, सगळ्या हसणार, आणि घटकाभराने ती अडीचशे पद्यं म्हणायला बसणार ती हा अपशकुन पोटात घेऊन. पहिल्या विसातच कोसळेल. आणि मग घर, बैल, अंडी. नाही सांगायचं. पण मग नुसतं 'नको' म्हणावं.

तिने मान हलवली. नको.

मस्रूहाचा चेहरा उतरला. तिने पेल्याच्या कडेकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. आवाज खाली आणून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "माझं तोंड लागलं म्हणून?" आणि ओढणीचं टोक घेऊन तिने पेल्याची कड गोल फिरवून पुसली. त्या टोकाला पिवळ्या मलमाचे डाग होते. "घे. पुसलं. आता?"

झुल्फाने तबक खाली ठेवलं, पेला दोन्ही हातांनी घेतला आणि ती प्याली.

कोमट होतं. खारट, आणि खारटाच्या मागून कात, चुना, आणि त्याच्याही मागून आणखी काहीतरी, म्हाताऱ्या तोंडाचं, ज्याला नाव द्यायची सोय नाही. पानाची शीर जिभेवरून घसरून दाढेत अडकली. घसा मिटला. तिने तो उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. शेवटच्या घोटाबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. मस्रूहाला वाटलं, श्रद्धेने आलं.

"बघ," ती खूश होऊन म्हणाली, "झोंबतंय ना? बरकत अशीच झोंबते."

दिवाणखान्यात चटया अंथरलेल्या होत्या. शंभरेक मुली, पुढे ठेंगण्या मेजामागे बू न्याई, हातात पेन. उसाच्या कारखान्याकडून मळीचा आंबूस वास खिडकीतून येत होता. मस्रूहा समोर मांडी घालून बसली. सुरू झाली.

आणि काय सुटली ती! मान हलवत, ठेक्यात, जणू मागून कुणी चाबूक ओढतंय. पन्नास, सत्तर, शंभर. बू न्याईंनी पेन खाली ठेवलं. मागे बसलेल्या मुली माना पुढे करून ऐकू लागल्या. झुल्फा मनात मोजत होती. एकशे तीस. एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस.

मस्रूहा थांबली.

तिने डोळे मिटले. उघडले. ओठ पुढच्या त्या जुळ्या पद्याचा पहिला शब्द जुळवायला लागले, आणि तो चुकीचा आहे हे तिला कळत होतं, कारण ती तो बोलत नव्हती. बू न्याईंनी पेन उचललं. मस्रूहाने झुल्फाकडे पाहिलं. तिसऱ्या चटईवर सुफैराने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी फिसकन हसल्या.

झुल्फाच्या तोंडात शब्द होता. त्याच तोंडात दाढेत ती शीर होती. तिची जीभ तिकडे गेली आणि पुन्हा एकदा ती चव आली, सगळीच्या सगळी. आणि त्या किळसेतच तिला एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या तोंडाने हे गिळलं, त्या तोंडाला आता कसली लाज? या शंभर जणी हसतील. हसोत. याहून वाईट काय व्हायचं राहिलंय?

तिने शब्द उच्चारला.

उच्चारला म्हणजे ओरडली. खिडकीच्या गजावरची चिमणी उडाली. बू न्याईंच्या हातातून पेन पडलं. मस्रूहाने एकदाच पापणी लववली आणि पुढे निघाली, एकशे बेचाळीस, त्रेचाळीस, खड्डा मागे टाकून, थेट अडीचशेपर्यंत, मधे दोन बारीक चुका करत. दोन चुका माफ असत.

"पास," बू न्याई म्हणाल्या. मग झुल्फाकडे वळल्या. "आणि सोबतीणबाई, मी म्हातारी होत चाललेय, बहिरी नाही." सगळा दिवाणखाना हसला. झुल्फाही हसली. तिला ओकारीही येत होती, दोन्ही एकदमच.

दुपारी परात आली. मस्रूहाने सवयीने तर्जनी भातात घातली, रेघ मारली, आणि बोलायला लागली, ती थांबेना. बापाला निरोप कसा धाडायचा, मामा काय म्हणेल, बैलवाल्याने आता बैलाशीच लग्न लावावं. "आणि हे सगळं कुणामुळे? सांगा, कुणामुळे? त्या पेल्यामुळे!" ती सुफैराला म्हणाली. "अर्ध्या पेल्यात मी पास आणि मुकीचा भोंगा झाला!"

"मी तर नुसतं झाकण चाटलं," सुफैरा म्हणाली, "पण सकाळपासून अंगात कसं हलकं हलकं वाटतंय."

झुल्फा कोरडा भात चिवडत होती. गप्प बसणं तिला सोपं होतं. तेरा वर्षं तिने तेच केलं होतं. पण आवाज एकदा फुटला की तो आपल्या सोयीने परत बसत नाही.

"तो क्याईंचा नव्हता," ती म्हणाली.

"काय नव्हता?"

"पेला. क्याई पहाटेच बाहेर गेले होते. म्बाह न्याईंचा होता तो. त्या त्यात कवळी ठेवतात."

परातीभोवतीचे चारही हात थांबले. सुफैरा हळूच विचारती झाली, "कवळी म्हणजे... दात?"

"दात."

सुफैराने हात तोंडावर ठेवला, उठली आणि धावली. मागच्या केळीपाशी पोचली की नाही ते आतून दिसलं नाही, ऐकू मात्र आलं. खरजेला शिक्का म्हणणारी, बरकत जिभेने टिपणारी म्बाक सुफैरा बराच वेळ ओकत होती, आणि झुल्फाने खरं सांगायचं तर त्या आवाजाचा आनंद घेतला.

मस्रूहा जागची हलली नव्हती. ती आतल्या आत काहीतरी जुळवत होती. मग तिने मांडीवर थाप मारली.

"म्बाह न्याईंचे दात! अगं, क्याई परवाचे. ही म्हातारी क्याईंच्या जन्माआधीपासून कुराण म्हणतेय. साठ वर्षं त्या दातांवरून पवित्र अक्षरं गेली आहेत. मग बरकत जास्त की कमी?"

"ते दात गेल्या वर्षी केदिरीहून करून आणलेत," झुल्फा म्हणाली.

उरलेल्या दोघी हसून हसून मागे कलंडल्या. मस्रूहाही हसली. मग तिचं हसू मधेच थांबलं. तिने झुल्फाकडे पाहिलं, नीट, जसं दोन महिने झुल्फा तिच्याकडे पाहत आली होती, खड्डा शोधत.

"पण तबक तूच आणलंस."

"हो."

"म्हणजे मी पेला पुढे केला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"माहीत असून प्यालीस?"

मस्रूहाचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने टेंपेचा एक तुकडा उचलला, मोडला, आणि काय करावं न सुचून तो तसाच फोडांच्या बोटांत धरून बसली, रेघेच्या तिच्या बाजूला.

झुल्फाने हात पुढे केला. भातातली रेघ तळहाताने पुसली, मस्रूहाच्या बोटांतून तो तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. त्याला गंधकाच्या मलमाचा वास होता. किळस काही गेली नव्हती. तिने घास चावून गिळला आणि मस्रूहाच्या बाजूच्या भातात दुसऱ्या घासासाठी हात घातला.